शिकायला गेलेल्या पोरांचं मत

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. बोलले गेले तसेच, थोडेफार नीट करून येथे देत आहोत.)



समितीने आम्हांला विषय दिला 'युवक आणि लोकशाही'. विषय फार मोठा आहे. आम्ही गिरणीत पाळ्या केलेला माणूस, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे शिकलो ते रात्रपाळीच्या सुट्टीत, वाचनालयात बसून. म्हणून सगळ्या लोकशाहीवर आम्ही बोलणार नाही. एकच गोष्ट बोलणार आहोत. शिकायला मालेगावच्या बाहेर गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या मताचं काय होतं, एवढंच.

या सभेत बसलेल्या घरांतली किती पोरं आज बाहेर शिकतात, बघा. कुणी नाशिकला इंजिनिअरिंगला, कुणी पुण्याला स्पर्धा परीक्षेला, कुणी छत्रपती संभाजीनगरला, कुणी मुंबईला. आपल्या आईबापांनी माग चालवले, विटा वाहिल्या, तेव्हा हा दिवस दिसला. याचा अभिमान आहेच. पण आता दुसरा प्रश्न विचारतो. त्या मुलाचं नाव मतदार यादीत आहे का? असेल तर कुठल्या गावच्या यादीत आहे? आम्ही घरोघर हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "असेल की कुठंतरी." बांधवांनो, मताच्या बाबतीत 'कुठंतरी' असं ठिकाण नसतं. कायदा साफ आहे. यादीत नाव नाही त्याला मत देता येत नाही. खिशात मतदार ओळखपत्र असलं तरी देता येत नाही.

एका मतानं काय होतं असं कुणी म्हणेल. त्याला आपल्याच गावचा हिशोब सांगतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचं मतदान झालं. मालेगाव मध्य मतदारसंघात दोन लाखांवर मतं पडली आणि निकाल लागला अवघ्या १६२ मतांनी. सगळ्या महाराष्ट्रात त्या वेळी इतका थोडा फरक दुसरीकडे नव्हता. त्याच वर्षी लोकसभेला धुळे मतदारसंघ, ज्यात आपलं मालेगाव मध्य आणि मालेगाव बाह्य दोन्ही येतात, तो ३,८३१ मतांनी ठरला. कोण जिंकलं, कोण हरलं, हा आजचा विषय नाही आणि या विहाराचाही नाही. पण १६२ म्हणजे किती? एका वसतिगृहातली मुलं. तीन एस.टी. गाड्या भरून, शिवाय काही उभी. तेवढी माणसं निकाल फिरवू शकतात.

हा हक्क आपल्याकडे कसा आला हे तरुणांनी ध्यानात ठेवलं पाहिजे. २७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. मत कुणाला द्यायचं हे ठरवायला ती समिती इंग्रज सरकारनं नेमली होती. बाबासाहेब तेव्हा २७ वर्षांचे होते, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. त्या काळी मताचा हक्क जमीनमहसूल, घरभाडे आणि आयकर यांवर मोजला जाई. बाबासाहेबांचं म्हणणं असं की, ज्यांना जातीमुळे मालमत्ता करूच दिली नाही, त्यांना मालमत्तेच्या मापानं मोजणं हा दुहेरी अन्याय आहे. पुढे सायमन कमिशनच्या वेळी, १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनात आणि १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी धरली. निरक्षर माणूस म्हणजे बुद्धी नसलेला माणूस, हे त्यांनी मान्य केलं नाही. ती मागणी शेवटी संविधानाच्या ३२६ व्या कलमात उतरली. जमीन नको, शिक्षण नको, कर नको. माणूस वयात आला, की मतदार झाला.

ते वय तेव्हा २१ होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ झालं आणि २८ मार्च १९८९ पासून हा बदल लागू झाला. आम्ही नेमके त्या वेळच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांतले. त्या वर्षी नोव्हेंबरात लोकसभेला आमच्या वयाची पोरं पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. आमचं सोपं होतं. गिरणी इथं, घर इथं, यादीही इथलीच. आजच्या विद्यार्थ्याचं तसं नाही. तो वर्षातले दहा महिने एका गावात राहतो आणि दोन महिने दुसऱ्या. घर म्हणतं, तो तिकडे असतो. तिकडचे म्हणतात, तो इथला नाही. या दोन म्हणण्यांच्या मधे त्याचं मत पडून जातं.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण पुष्कळदा कचेरीतल्या माणसालाही ते पुरतं माहीत नसतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जिथं 'सर्वसाधारण रहिवासी' असेल तिथं त्याचं नाव लागतं. त्याच कायद्याच्या २० व्या कलमात म्हटलं आहे की, काही काळापुरता बाहेर गेला म्हणून माणसाचं ते रहिवासीपण संपत नाही. म्हणजे शिकायला गेलेली मुलगी मालेगावचीच रहिवासी राहू शकते. आणि निवडणूक आयोगाच्या सूचना असं सांगतात की, जो विद्यार्थी गाव सोडून वसतिगृहात किंवा मेसमध्ये राहतो, त्याला निवड करता येते. नाव मूळ गावी ठेवायचं की शिकतो तिथं लावायचं, हे त्यानं ठरवायचं. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि तिथं नाव लावायचं तर प्राचार्य, कुलसचिव अशा अधिकाऱ्याचा बोनाफाईड दाखला लागतो. निवड विद्यार्थ्याची. कारकुनाची नाही, घरमालकाची नाही, आणि माफ करा, गल्लीतल्या पुढाऱ्याची तर मुळीच नाही.

पण दोन्हीकडे नाव ठेवायचं नाही. दोन मतदारसंघांत नाव असणं कायद्यात बसत नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कुणी म्हणतं, "राहू द्या दोन्हीकडे, कामाला येईल." अशांचं ऐकू नका. पुढारी निवडणूक झाल्यावर घरी जातो, केस पोरावर राहते आणि नोकरीच्या पडताळणीत पोरगं अडकतं.

मग नाव कुठं ठेवावं? आमचं मत विचाराल तर असं. जो शनिवार-रविवारी घरी येतो, ज्याचं शिक्षण वर्ष-दीड वर्षात संपणार आहे, त्यानं नाव इथं ठेवावं. जो चार-पाच वर्षं बाहेर राहणार आहे, ज्याला मतदानाला येणं परवडणार नाही, त्यानं तिकडे लावावं. २०२४ च्या लोकसभेचं उदाहरण घ्या. पुणे आणि औरंगाबाद मतदारसंघांत मतदान झालं १३ मे रोजी. आपल्याकडे झालं २० मे रोजी. म्हणजे पुण्यात सुट्टी मिळाली ती आपल्या पोराच्या कामाची नव्हती, आणि आपल्याकडे मतदान होतं तेव्हा तिकडे कामाचा दिवस. गाडीभाडं जायचं-यायचं वेगळंच. खोलीत चौघं मिळून राहणाऱ्या पोराला तो खर्च म्हणजे आठवड्याचं जेवण. सैनिकाला टपालानं मत देता येतं. ८५ वर्षांवरच्या वृद्धाला घरून देता येतं. विद्यार्थ्याला यातलं काही नाही. आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता, पण पक्षांनी हरकती घेतल्या आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुका त्या यंत्राविना झाल्या.

आता कागदपत्रांचं. नवीन नावासाठी नमुना ६ भरायचा. एका यादीतून दुसऱ्या यादीत जायचं असेल तर नमुना ८. पुष्कळ पोरं इथं नाव असताना तिकडे पुन्हा नमुना ६ भरतात आणि दुबार नावाच्या भानगडीत सापडतात. वयाला दहावी-बारावीची गुणपत्रिका चालते, आधार चालतं. अडचण येते ती पत्त्याची. लाईटबिल, पाणीपट्टी, बँकेचं पासबुक, नोंदणी केलेला भाडेकरार, असे कागद मागतात. घरी राहणाऱ्याला सोपं आहे, आईच्या किंवा बापाच्या नावाचं बिल चालतं, फक्त ते त्याच पत्त्यावरचे मतदार हवेत. पण स्वाधार योजनेवर खोली घेऊन राहणाऱ्या पोरानं काय आणायचं? सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून तर त्याला, अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी असलेली ही योजना घ्यावी लागली. घरमालक नोंदणीचा करार करत नाही आणि लाईटबिल घरमालकाच्या नावाचं. १९१९ साली सारापावती विचारत होते, आज भाडेकरार विचारतात. नाव बदललं, पण ज्याच्याकडे कागद नाही तो माणूस तोच राहिला. अशा वेळी घाबरून परत यायचं नाही. कागद कमी असेल तर अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष जागेवर येऊन चौकशी करायची असते. अर्ज द्या, पोच घ्या, आणि चौकशीला या असं लेखी म्हणा.

तारखांचंही तसंच आहे. पूर्वी फक्त १ जानेवारीला १८ पूर्ण असावी लागत. २०२१ च्या दुरुस्तीनं आता वर्षातून चार तारखा झाल्या, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ वर्षं पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज देऊन ठेवता येतो. मात्र निवडणुकीत उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली, की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव चढत नाही. आपली माणसं जागी होतात ती प्रचाराचा भोंगा गल्लीत आल्यावर. तोवर दार बंद झालेलं असतं.

आणि महापालिकेचं तर आपण सगळ्यांनी सोसलं आहे. मालेगाव महापालिकेचं मतदान २४ मे २०१७ रोजी झालं. त्यानंतरचं थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. २०२२ मध्ये मुदत संपली, प्रशासक आला, आणि आरक्षणाच्या खटल्यात सगळं अडकून पडलं. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला तेव्हा गाडी हलली. जे पोरगं २०१७ च्या पावसाळ्यात अठरा वर्षांचं झालं, त्यानं आपल्या गल्लीच्या गटारीसाठी, नळासाठी पहिलं मत दिलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचं झालेलं. कॉलेज संपलं, नोकरी लागली, काहींची लग्नं झाली, तरी नगरसेवक निवडायचा हक्क कागदावरच. शिवाय या वेळी यादी धरली ती १ जुलै २०२५ ची. म्हणजे ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेली मुलगी जानेवारीत मतदार नव्हती. तिनं आता आणखी पाच वर्षं थांबायचं. चार तारखांचा कायदा केला तो कुणासाठी, असं तिनं विचारलं तर काय सांगणार?

आता जे सांगतो ते विशेषतः माता-भगिनींनी ऐकावं. प्रारूप यादी लागली की ती घेऊन गल्लीत फिरायचं, हे आमचं गेल्या कित्येक वर्षांचं काम. त्यात एक गोष्ट वारंवार दिसली. आमच्या ओळखीतली एक मुलगी पुण्याला नर्सिंग शिकते. घरी चौकशीला माणूस आला. आई म्हणाली, "ती इथं नाही, पुण्याला असते." त्या माउलीनं खरं तेच सांगितलं. पण कागदावर उतरलं 'स्थलांतरित'. मतदानाला मुलगी रात्रीच्या गाडीनं आली, सकाळी रांगेत उभी राहिली, आणि यादीत नाव नाही. तिकडे पुण्यात तर कधी लावलंच नव्हतं. "पुण्याला असते" आणि "पुण्याला शिकते, घर इथंच आहे, मत इथंच देते", या दोन वाक्यांत एका मताचं अंतर आहे. घरात जी असते तीच आई उत्तर देते. म्हणून हे वाक्य आयांना पाठ पाहिजे. आणि मुलीनं खरोखरच तिकडे नाव लावलं असेल, तर तेही खरं सांगा, इथलं कमी करू द्या.

नाव कमी करायचं तरी नियम आहे. ज्याचं नाव जातं त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तसं न होता निकाल गेला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. हे माहीत असणं फार गरजेचं झालं आहे. बिहारमध्ये २०२५ साली याद्यांची सखोल तपासणी झाली. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. मयत, दुबार, स्थलांतरित अशी कारणं होती. सर्वोच्च न्यायालयानं १४ ऑगस्टला सांगितलं की गेलेली नावं कारणांसह जाहीर करा, तेव्हा लोकांना आपलं नाव का गेलं ते कळायला लागलं. मयताचं नाव काढलंच पाहिजे. पण घरोघरची तपासणी होते तेव्हा घरात नसतो तो विद्यार्थीच, आणि घरात नसलेल्याचं नाव आधी जातं.

हे फक्त आपल्याच देशात घडतं असं नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यांच्या काळ्या समाजाचं अमेरिकेत टेक्सास राज्यात प्रेअरी व्ह्यू नावाचं एक कॉलेज आहे. एके काळी जिथं गुलामांकडून शेती करवून घेत, त्या मळ्याच्या जागेवर १८७६ साली ते उभं राहिलं. अमेरिकेतही १९७१ ला मताचं वय १८ झालं. पण तिथला नोंदणी अधिकारी या विद्यार्थ्यांना वेगळी प्रश्नावली द्यायचा. इथं तुमची मालमत्ता आहे का? शिक्षण संपल्यावर इथंच राहणार का? गोष्ट कोर्टात गेली आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनं कायम झाला. तरी २००४ च्या निवडणुकीआधी तिथल्या सरकारी वकिलानं पुन्हा धाक घातला. पोरं मोर्चानं रस्त्यावर आली आणि कोर्टात गेली. २००८ मध्ये कॉलेजजवळ आगाऊ मतदानाची सोय नव्हती, तर सुमारे सात मैल चालत जाऊन त्यांनी मत दिलं. निकाल हातात असूनही त्यांना पुन्हा पुन्हा जागं राहावं लागलं. आपल्यालाही ते चुकणार नाही.

काही पालक म्हणतात, "पोरांना शिकू द्या, हे मतदान-बितदान नंतर." आम्हांला त्यांची भीती कळते. पोरगं राजकारणात पडलं तर वाया जाईल, ही काळजी खोटी नाही. पण मत देणं म्हणजे झेंडा घेऊन फिरणं नव्हे. अर्ज भरायला अर्धा तास लागतो, मत द्यायला सकाळ. आणि शिष्यवृत्ती कधी मिळणार, वसतिगृहाच्या जागा किती वाढणार, परीक्षा फी किती, हे सगळं जे ठरवतात ते मतानंच निवडून येतात. ज्याच्या आयुष्याचे निर्णय आज होत आहेत, त्यालाच नंतर ये म्हणायचं, हा कुठला न्याय? २०२४ च्या लोकसभेआधी देशात १८-१९ वयाचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार यादीत होते. त्या वयाची मुलंमुली चार कोटींच्या वर आहेत. म्हणजे अर्ध्याहून जास्त यादीच्या बाहेर.

म्हणून आम्ही काही कामं सुचवतो. विहार समितीनं एक वही करावी. घर, विद्यार्थ्याचं नाव, कुठं शिकतो, नाव कुठल्या यादीत, एवढे चारच रकाने. वर्षातून चार वेळा, त्या चार तारखांच्या आधीच्या रविवारी, वंदना झाल्यावर अर्धा तास ही वही उघडावी. शिकलेल्या दोन मुलांनी मोबाईलवर नावं तपासून द्यावी, लागलं तर १९५० या मदत क्रमांकावर विचारावं. त्यात पक्षाचं नाव निघता कामा नये. निघालं तर वही बंद करावी, कारण मग लोक भरवसा ठेवणार नाहीत.

आणि सरकारकडे मागणी करावी, विहारातर्फे, लेखी. कॉलेजच्या प्रवेशाबरोबरच नमुना ६ द्या. बोनाफाईड दाखला मागितल्या दिवशी, फुकट द्या. कॉलेजांत मतदार साक्षरता मंडळं नुसती २५ जानेवारीच्या मतदार दिनाला शपथ घेण्यापुरती नकोत, तिथं अर्ज भरून घ्या. मतदानाच्या दिवशी ओळख पटवायला जे बारा पर्यायी कागद २०२४ ला चालले, त्यांत कॉलेजचं ओळखपत्र नव्हतं, ते घ्या. मतदानाला लागून परीक्षा ठेवू नका. स्थानिक निवडणुकांना जवळची तारीख धरा. आणि घरी नसलेल्या विद्यार्थ्याचं नाव काढण्याआधी त्याच्या मोबाईलवर तरी विचारा.

यातलं काही सरकार करील, काही करणार नाही. वहीचं काम मात्र आपल्या हातातलं आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या रविवारी घरातल्या विद्यार्थ्यांची नावं लिहून आणा, एवढीच विनंती करतो आणि आमचे चार शब्द संपवतो.

जयभीम! जय भारत!